एक बॅच, एक गाव

(पहाट. सेवाग्राम आश्रम.)

प्रार्थना नुकतीच आटोपली आहे. बापूकुटीसमोरचं अंगण झाडणारी ही मुलं-मुली काही दिवसांपूर्वीपर्यंत नीटचे मार्क आणि कटऑफ जुळवत बसली होती. आज अंगावर खादी आहे आणि हातात खराटा. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसला आलेल्यांचे पहिले पंधरा दिवस असे जातात. सूतकताई, श्रमदान, प्रार्थना. शरीररचनाशास्त्र त्यानंतर.

(जुनी छायाचित्रं. कस्तुरबा रुग्णालय.)

डॉ. सुशीला नय्यर या गांधीजींच्या डॉक्टर. १९४४ साली त्यांनी सेवाग्रामला बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू केला. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. मंत्रिपद संपल्यावर, १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, याच दवाखान्याला जोडून त्यांनी हे कॉलेज उभं केलं. पहिल्या बॅचला साठ विद्यार्थी होते. खेड्यासाठी डॉक्टर घडवायचा तर तो खेड्यात राहून घडला पाहिजे, ही त्यांची धारणा. तेव्हापासून इथल्या प्रत्येक बॅचचं एक गाव असतं.

(बस फाट्यावर थांबते. मुलं वजनकाटे, गाद्या, खोके उतरवतात.)

पहिल्याच वर्षी पंधरा दिवसांचं शिबिर. मुक्काम गावातच. प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच घरं येतात आणि त्या घरांचं सगळं त्यानं टिपायचं असतं. माणसं किती, पाणी कुठून येतं, चूल की गॅस, कोणाचं लसीकरण राहिलंय. पीएसएमचे, म्हणजे सामाजिक आरोग्य शिकवणारे, सर मागे उभे आहेत, पण विचारायचं मुलांनीच. हा मुलगा मराठी शिकतोय. ‘जेवण झालं का?’ एवढं त्याला पाठ आहे. तेवढ्यावर त्याला ओसरीत बसायला जागा मिळाली.

इकडे अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी फिरतेय. तिकडे बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन. दुपारी रुग्णालयातले डॉक्टर येतात आणि शाळेच्या वर्गात ओपीडी लागते.

शिबिर संपतं, पण गाव सुटत नाही. पुढची तीन वर्षं, दर महिन्याला, त्याच घरांत जायचं.

(मांडीवर उघडी वही.)

ही वही जवळून बघा. पहिल्या पानावर बीपीचा आकडा खोडून तीनदा लिहिलाय. पुढे अक्षर सुधारत जातं. मध्येच एक नोंद: ‘गोळ्या बंद. कापूस वेचणी. दवाखान्यात जायला वेळ नाही.’ त्यानंतर सलग तीन भेटींत त्याच गोळ्यांची चौकशी आहे. चौथ्या भेटीत गोळ्या सुरू झाल्याची नोंद. उपचार मधेच का सुटतो, हे वॉर्डात शिकवता येत नाही. ते कळायला वेचणीचा हंगाम पाहावा लागतो, आणि तो आपल्या सोयीनं येत नाही.

देशभरच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून ऐच्छिक विषय, म्हणजे इलेक्टिव्ह, आले. विद्यार्थ्यानं आपल्या ओढीचं काही निवडावं, ही फार चांगली गोष्ट. तेव्हा त्यासाठी चार-चार आठवड्यांचे दोन भाग होते. २०२३ च्या नियमांत ते पंधरा-पंधरा दिवसांवर आले. पंधरा दिवसांत फक्त लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, भरतं. कुटुंब दत्तक योजना, म्हणजे विद्यार्थ्यानं काही कुटुंबांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं, आता सगळ्याच मेडिकल कॉलेजांत आहे. तिला जोडून, ज्याला ओढ आहे त्याला दोन-तीन वर्षांचा इलेक्टिव्ह का मिळू नये? एकच गाव, एकच प्रश्न, एकच वही. सेवाग्रामला गाव सगळ्यांनाच घ्यावं लागतं. इतर ठिकाणी निदान मागणाऱ्याला तरी मिळावं.

इथून बाहेर पडलेले काही जण खेड्यापाड्यांतल्या संस्थांमध्ये काम करायला गेले.

(संध्याकाळ. ओसरी.)

तिसरं वर्ष. आजींनी दारातूनच विचारलं, “काहून वं बाई, मागल्या महिन्यात नाही आली?”

“परीक्षा होती, आजी.”

“पास झाली?”

ती आजींच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळते. आजी बोलायच्या थांबतात. हात सैल ठेवायचा, हे आता त्यांना सांगावं लागत नाही.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजतोय.