वीस हजारांत दुसरी बास गिटार: पहिलीची झेरॉक्स घेऊ नका

(बास मांडीवर. अ‍ॅम्प अजून बंद.)

"दादा, हाताशी २० हजार आहेत, दुसरी बास कुठली घेऊ?" निपाणी असो, चिकोडी असो, खानापूर असो, प्रश्न हाच. मी उलट विचारतो, पहिलीला काय झालं? "काही नाही ओ, पण आता जरा बरी पाहिजे."

पैसे बुडतात ते इथंच. पहिली १२ हजारांची, दुसरी २० हजारांची. दोन्ही चार तारांच्या, दोन्ही ३४ इंच स्केलच्या (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), दोन्हींना तसलेच पिकअप (तारेचा आवाज पकडणारे चुंबक). मागं ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाला की वरच्या आठ हजारांचा फरक तुम्हाला सोडून कुणाला ऐकू येत नाही.

म्हणून आधी पहिलीचा सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि दांड्याचा वाक, नीट करून घ्या. नव्या तारा लावा, सूर लावा आणि मग मोजा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि फ्रेट यांच्यात जाड ई तारेला साधारण अडीच मिलिमीटर, बारीक जी तारेला दोन.

(कॅमेरा जवळ. तारेखाली स्टीलची पट्टी.)

हे बघा, ही बास एका पोराची आहे. ई तार ४ मिलिमीटरवर! आणि पोरगं म्हणतंय बास हलक्या दर्जाची आहे, बोटं दुखतात. बोटं दुखणारच की रे बाबा. आपल्याकडं हवामानही गप्प बसू देत नाही. जूनपासून खानापूर-जांबोटीकडं लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात परत सुकतं, आणि नेक, म्हणजे बासचा दांडा, जागा सोडतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा, परत सूर लावायचा, परत बघायचं. जोर करायचा नाही.

एवढं करून पहिली नीट वाजायला लागली, की मग विचारायचं: हिच्यानं काय होत नाही? दुसरी बास त्यासाठी.

अमेरिकेच्या फेंडर कंपनीनं १९५१ मध्ये प्रिसिजन काढली, १९६० मध्ये जॅझ. आपल्या बजेटमधल्या बहुतेक बास या दोघींच्याच वळणाच्या. जॅझचा नेक नटपाशी (वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तिथं) ३८ मिलिमीटर, सडपातळ. प्रिसिजनचा त्याहून रुंद. पण आपल्या कामाचा फरक पिकअपमध्ये आहे. जॅझला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे पिकअप, आणि असा पिकअप एकटा असला की विजेची गुणगुण पकडतो. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले तर गुणगुण एकमेकींत कटते. एक कमी केला की...

(अ‍ॅम्प चालू. एक नॉब खाली.)

ऐकलं? हे घरात. आता हेच गणपतीच्या मांडवात आणा, जिथं लायटिंगच्या माळा आणि साउंड एकाच बोर्डावर असतात. प्रिसिजनचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे, आणि ते दोन तुकडे मिळून ती गुणगुण बऱ्यापैकी मारतात. तेव्हा पहिली जॅझ असेल तर माझं मत सरळ आहे: दुसरी प्रिसिजन. (तारेवर हात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर तो मात्र बासचा दोष नाही, वायरिंगचा आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग गाणं.)

आणि त्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत असलेल्या, तारा चढवा. महाग असतात, पण वर्षानुवर्षं चालतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड वाजवायचा आणि तारा क्वचितच बदलायचा. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा, तर्जनी. ऑर्केस्ट्रात जुनी गाणी लागतात तेव्हा असाच गोल, बुटका आवाज हवा असतो. फ्लॅटवाउंडचेही पैसे नसतील तर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ब्रिजजवळ (खालच्या टोकाला तारा जिथं टेकतात तिथं) तारांखाली खुपसा. हे बघा... लांबट आवाज गेला, ठुमका राहिला.

आता पाच तारांची. मुलं हिच्यामागं फार लागतात. गायक ऐनवेळी पट्टी उतरवतो तेव्हा खालचे सूर लागतात, हे खरं. पण मोकळी ई सुमारे ४१ हर्ट्झ, बी सुमारे ३१. स्वस्त पाच-तारीत ती बी बऱ्याचदा ढिली, सूर कळेना अशी. त्यात मांडवातले बॉक्स ३१ हर्ट्झ धड वाजवत नाहीत, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात तिथंच घोळत असतो. मी म्हणेन, पहिल्याच बासवर बी-ई-ए-डी असा सेट लावून महिनाभर बघा. पाच-तारीच्या सेटमधल्या जाड चार तारा घ्यायच्या, नटच्या खाचा कानसून जरा रुंद करून घ्यायच्या. करमलं तर पाच-तारीला पैसे साठवा.

शॉर्ट स्केल, म्हणजे ३० इंची, छोट्या हातांना आणि खांदेदुखीला उत्तम. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेली, घरी रियाजाला घ्या. मांडवात मॉनिटर ऐकू येत नसताना सूर शोधत बसाल. अ‍ॅक्टिव्ह (आत सेलवर चालणारं सर्किट असलेली) घेतली तर वाजवून झाल्यावर जॅक काढा, नाहीतर ९ व्होल्टचा सेल उतरतो.

आणि २० हजारांत माझा कल सेकंडहँडकडं. बेळगावला बसून हा एक फायदा आहे, चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं बँडवाले भरपूर. फक्त समुद्राची हवा खाल्लेली बास आधी ब्रिजपाशी बघा. सॅडलचे (ब्रिजवर तार ज्यावर टेकते त्या तुकड्यांचे) बारीक स्क्रू गंजून बसले असतील तर तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन खाली येणार नाही. सोबत अ‍ॅलन की आणि फोनमध्ये ट्यूनर ठेवा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्यापाशी कागद जाईल एवढी फट पाहिजे. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतो का बघा. पट्टा लावून उभे राहा आणि हात सोडा. हेड जमिनीकडं गेलं तर तीन तासांच्या कार्यक्रमात तुमचा डावा हात नेकच उचलत बसणार.

पॉट (नॉबखालचा भाग) खरखरला, जॅक हलला, तर घाबरू नका, भाव पाडा. ते किरकोळ काम आहे. पण ट्रस रॉडचा नट आतून गोल झालेला असेल आणि त्यात अ‍ॅलन की नुसतीच फिरत असेल, तर बास कितीही चकचकीत असू दे, चहा घ्या आणि बेळगावची गाडी पकडा.