हातात किती पडतात?

नमस्कार श्रोतेहो.

पगाराचा विषय निघाला की आपण एकमेकांना विचारतो, ‘हातात किती पडतात?’ कागदावरचा आकडा वेगळा आणि हातात पडणारा वेगळा, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. कर आधीच कापलेला असतो.

अमेरिकेत पगारातून आयकराची अशी सरसकट कपात सुरू झाली १९४३ साली. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च भागवायचा होता. त्या योजनेवर काम करणाऱ्यांत वॉशिंग्टनच्या अर्थखात्यातले एक तरुण अर्थतज्ज्ञ होते, मिल्टन फ्रीडमन. हो, तेच. ‘सरकार बेतापुरतं ठेवा’ असं पुढे आयुष्यभर सांगत फिरले आणि १९७६ साली ज्यांना नोबेल मिळालं, ते. त्यांच्या पत्नी रोझ, त्याही अर्थतज्ज्ञच, त्यांनी नवऱ्याला या कामाबद्दल कधी माफ केलं नाही. युद्धात दुसरा इलाज नव्हता, असं फ्रीडमन म्हणत. पण युद्ध संपलं आणि कपात राहिली. युद्धाआधी तिथे आयकर भरणारे सुमारे ४० लाख होते, युद्ध संपेपर्यंत ४ कोटींच्या वर गेले.

परदेशात सैन्य पाठवण्याबद्दल लिबर्टेरियन मंडळी एवढी साशंक का, हे मला या नवराबायकोच्या भांडणातून जितकं कळलं तितकं तत्त्वज्ञानाच्या चर्चेतून कळलं नाही. लिबर्टेरियन म्हणजे व्यक्तीचं स्वातंत्र्य आधी आणि सरकार जेवढ्यास तेवढं, असं मानणारे. आपल्याकडे शेतमालाच्या बाजारातून सरकारनं हात काढावा म्हणणारे शरद जोशी या विचाराच्या बरेच जवळचे. या लोकांचं म्हणणं असं, की युद्ध तिकडे होतं आणि सरकार इकडे वाढतं. रॉबर्ट हिग्ज या अभ्यासकानं अमेरिकेच्या इतिहासातून हेच मांडलं. ट्रकखाली लावलेला जॅक आठवा. दांडा मारला की एकेक दात वर चढतो. मुद्दाम सोडवल्याशिवाय खाली येत नाही.

दुसरा मुद्दा अकलेचा. ज्या सरकारला घरच्या कांद्याचा भाव सांभाळता येत नाही, ते परक्या देशाची घडी कशी बसवणार? इराकचंच बघा. मे २००३ मध्ये बगदादमधले अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका आदेशानं इराकी लष्कर बरखास्त केलं. लाखो माणसं, हत्यार चालवायला शिकलेली, एका दिवसात बेकार. पुढे त्यांतले कितीतरी बंडखोरांना जाऊन मिळाले. आदेश काढणाऱ्याला ना तिथली भाषा येत होती, ना तिथली वस्ती माहीत होती. लिबर्टेरियन विचाराचे टेक्सासचे खासदार रॉन पॉल यांनी ऑक्टोबर २००२ मध्येच या युद्धाविरुद्ध मत दिलं होतं. प्रतिनिधीगृहातल्या त्यांच्या रिपब्लिकन पक्षात विरोधात गेलेले जेमतेम सहा.

आता असं समजू नका की सगळे एका सुरात बोलतात. कायद्याचे प्राध्यापक रँडी बार्नेट यांनी २००७ साली लिहिलं, की लिबर्टेरियन असूनही स्वसंरक्षण म्हणून इराकच्या युद्धाला पाठिंबा देता येतो. आणि खुद्द फ्रीडमन यांच्या घरात? २००६ च्या उन्हाळ्यात एका मुलाखतीत नव्वदी ओलांडलेले हे दोघे मुलाखतकारासमोरच वाद घालू लागले. मिल्टन म्हणाले, इराकमध्ये जायलाच नको होतं, हे आक्रमण आहे. रोझना ते मान्य नव्हतं. मोठ्या प्रश्नावर आमचं पहिल्यांदाच फाटलं, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिल्टन गेले.

माझं स्वतःचं मत मिल्टनच्या बाजूनं झुकतं. पण मी अडतो तो १९७१ पाशी. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं आपल्या हद्दीत आली होती. दूरच्या देशात जाऊन शत्रू शोधणं वेगळं आणि माणसं दारात येऊन उभी राहणं वेगळं, असं मी स्वतःला समजावतो. शिवाय आपलं सैन्य मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून परतलं. अमेरिकेला इराकमधून निघायला २०११ चा डिसेंबर उजाडला. तरी कट्टर लिबर्टेरियन मला सोडणार नाही. तो विचारेल, खर्च कुणाच्या खिशातून, आणि कुणाला विचारून?

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत माझ्या आत्यानं डिसेंबर १९७१ मध्ये पाठवलेलं एक पाकीट आहे. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं आणखी एक. चित्र कुटुंब नियोजनाचं आणि त्यावर छापलंय ‘रिफ्यूजी रिलीफ’. त्या १५ नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासितांसाठी हा जादा आकार होता. तो युद्धासाठी नव्हता, हे खरं. आणि मार्च १९७३ अखेर तो उठलासुद्धा. तो जॅक तेवढा खाली आला. पोस्टाच्या रांगेत त्या ५ पैशांसाठी कुणी कुरकुर केलेली आत्याला आठवत नसे. तुला द्यायचे होते का, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, ‘दिलेच असते रे. पण विचारलं कुणी?’

नमस्कार.