दीडशे मिलिव्होल्टचा आवाज

हे जे हात दिसताहेत ते इंदूरच्या जेल रोडच्या आतल्या गल्लीत रिपेअरिंगचं दुकान चालवणाऱ्या काकांचे. नाव टाकू नको, चेहरा पण नको असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणून पूर्ण व्हिडिओभर हातच दिसतील, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखे हातच आहेत. पातळ प्लास्टिकची पट्टी आयपॉडच्या, म्हणजे ॲपलच्या गाण्यांच्या प्लेयरच्या, स्टीलच्या पाठीत सरकवली, थोडी फिरवली, आतल्या क्लिपा टक टक करत सुटल्या. आता बघा. निळ्या रबराच्या पट्ट्यांत बसवलेली हार्डडिस्क, खाली बॅटरी, आणि पाठीला चिकटून जी नखाएवढी पातळ पट्टी गेलीय ना, ती हेडफोनच्या भोकाची. तिच्यावर जोर पडला की फाटली समजा, मग एका कानात आवाज आणि दुसऱ्यात नाही.

पण ह्याची पट्टी शाबूत आहे. तक्रार वेगळीच आहे. मालक लोकमान्य नगरचे आजोबा, आयपॉड नातवानं जर्मनीहून आणून दिलेला, त्यात सगळं शास्त्रीय भरलंय, इंदूर घराण्याचे अमीर खाँसाहेबच जास्त (इंदूरचा माणूस दुसरं काय भरणार). आणि म्हणणं एकच, आवाज फुल केला तरी पुरत नाही.

काका म्हणाले, "भिया, हा बिघडलेला नाही, हा बांधलेला आहे."

(दृश्य: मल्टीमीटर, दोन आयपॉड शेजारी शेजारी)

हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून थोडा लांब ठेवलाय. डावीकडे आजोबांचा, उजवीकडे त्याच मॉडेलचा इथंच विकत घेतलेला. दोन्हीत एकच फाइल, 100 हर्ट्झचा सरळ टोन, फुलपेक्षा 10 डेसिबल खाली ठेवलेला. स्वस्त मल्टीमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला गडबडतो, म्हणून काका जाड टोन लावतात. दोन्हींचा आवाज शेवटपर्यंत फिरवला. इथल्या आयपॉडवर तीनशे मिलिव्होल्टच्या वर आकडा. आजोबांच्यावर दीडशेच्या आसपास येऊन थांबला, चाक कितीही फिरवा, हलत नाही.

दीडशे मिलिव्होल्ट हा आकडा असाच पडलेला नाही. युरोपात ईएन 50332 नावाचं मानक आहे, पहिला भाग 2000 चा, दुसरा 2003 चा. त्यातला हिशेब साधा आहे. हेडफोनला 94 डेसिबल वाजायला कमीत कमी 75 मिलिव्होल्ट लागले पाहिजेत, आणि प्लेयरनं जास्तीत जास्त 150 द्यावेत. व्होल्टेज दुप्पट झालं की 6 डेसिबल वाढतात, 94 आणि 6 म्हणजे 100, बस, त्याच्यावर जायचं नाही. फ्रान्समध्ये तर 100 डेसिबलचा कायदा त्याच्याही आधीपासून होता, त्यापायी 2002 साली ॲपलला तिथल्या दुकानांतून आयपॉड उचलावा लागला, मग सॉफ्टवेअर बदलून परत विकायला ठेवला. 2006 मध्ये ॲपलनं बाकी जगासाठी पण सेटिंग दिलं, की ज्याला पाहिजे त्यानं आपली मर्यादा लावावी, आईबापांनी कोड घालून लॉक करावी. आणि युरोपात 2013 पासून तर आणखी पुढची पायरी, 85 डेसिबलवर प्लेयर थांबतो, वर जायचं तर हो म्हणा, आणि 20 तास ऐकून झाले की परत विचारतो.

(दृश्य: ड्रॉवरमधला जुना वॉकमन)

हा ड्रॉवर काकांनी आपणहून उघडला. पहिला वॉकमन, सोनीचा खिशातला कॅसेट प्लेयर, 1979 च्या जुलैत जपानमध्ये आला, त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारंगी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन मित्राचं बोलणं ऐकू यायचं. हा तो नव्हे, हा नंतरचा. ह्याच्या कडेला हा बारका खटका बघा, एव्हीएलएस लिहिलंय, म्हणजे आवाजाला मर्यादा घालायची सोय, एकीकडे नॉर्म, एकीकडे लिमिट. म्हणजे मर्यादेचं खूळ आयपॉडपासूनचं नाही, फक्त तेव्हा खटका आपल्या बोटाखाली होता.

आता कोणी म्हणेल चांगलंच आहे की, कान वाचतात. वाचतात, नाही कोण म्हणतंय. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि एकदा कानात शिटी वाजायला लागली की तिचा भरवसा नाही. ह्यावर आमच्याकडे फुटेज नाही, पुढे जाऊ.

भांडण मर्यादेशी नाही, मोजतात कुठं त्याच्याशी आहे. प्लेयर व्होल्ट मोजतो. कानापर्यंत काय पोचलं ते त्याला माहीतच नाही.

(दृश्य: राजवाडा, संध्याकाळ)

हे बघा राजवाड्यासमोर, शनिवारची संध्याकाळ. हॉर्न, ई-रिक्षा, चादरीवाल्याचा भोंगा. फोनवरचं ॲप आहे, लॅबचं मीटर नाही, पण आकडा 85 च्या आसपासच नाचतोय. बाजाराच्या भागाला दिवसाची कायद्यातली मर्यादा 65 आहे, सहज आठवलं म्हणून सांगितलं. आता ह्या गर्दीत कुणी साधा, नुसता कानात अडकवायचा इअरफोन घालून ख्याल ऐकत असेल तर तो आवाज वाढवणारच. तोच इअरफोन रबराच्या टोकाचा, कानात नीट बसणारा घेतला तर बाहेरचा गोंगाट 15-20 डेसिबल आरामात कमी होतो, आणि वाढवायची गरजच पडत नाही. पण मानक लिहिणाऱ्यांनी रस्ता नाही पकडला, प्लेयर पकडला.

आणि दुसरी गोष्ट, रेकॉर्डिंगची. लॅपटॉपच्या स्क्रीनवर वरचा पट्टा आत्ताच्या एका सिनेमाच्या गाण्याचा, विटेसारखा भरलेला, कुठं श्वासच नाही. खालचा खाँसाहेबांच्या एका जुन्या खासगी मैफिलीचा. सुरुवातीला जवळजवळ सरळ रेघ दिसते ना, तो आलाप चाललाय, अतिविलंबित म्हणजे अगदी संथ झुमरा ताल, एकेक स्वर उघडत नेणारी बढत. आमच्या ह्या दोन फाइलींच्या सरासरीत 14 डेसिबलचा फरक निघाला. मर्यादा दोघांना एकच. जो आधीच ओरडतोय त्याला काही फरक पडत नाही, जो हळू बोलतो त्याचंच तोंड दाबलं जातं, ह्याला न्याय म्हणायचं का?

पोरं काय करतात, आवाज वाढवणारी ॲप टाकतात. काकांनी त्याचं पण दाखवलं. हा खिशात मावेल एवढा ऑसिलोस्कोप, त्यावर गोल गोल लाट. ॲप चालू केलं, स्लायडर वर नेला, आणि बघा लाटेचं डोकं कापलं गेलं, वर सपाट, खाली सपाट. आवाज मोठा वाटतो खरा पण तंबोऱ्याची तार पत्र्यासारखी लागायला लागते. ह्याला क्लिपिंग म्हणतात आणि ह्यात क्वालिटी जी जाते ती कुठल्याही महाग हेडफोननं परत येत नाही.

खरा हिशेब वेळेचा आहे. डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) ह्यांनी मिळून जे मानक काढलं त्यात आठवड्याचा कोटा आहे, मोठ्यांना 80 डेसिबलनं 40 तास, मुलांना 75 नं 40 तास. 3 डेसिबल वाढवले की तास निम्मे. म्हणजे 83 नं 20 तास, 86 नं 10. ज्याला कमी वेळ मोठ्यानं ऐकायचंय तो ऐकेल, ज्याला दिवसभर लावून ठेवायचंय तो हळू ठेवेल. आयफोनच्या हेडफोन सेफ्टीत असा आठवड्याचा हिशेब दिसतोही. हे मला पटतं. काकांना नाही पटत, ते म्हणतात माणूस आकडे बघून गाणं ऐकत नसतो.

आजोबांच्या आयपॉडचं काय केलं? रॉकबॉक्स, म्हणजे प्लेयरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी चालणारं दुसरं सॉफ्टवेअर, टाकलं असतं तर बंधन उरलं नसतं, ते काकांना येतंही, पण ऐंशीच्या माणसाला नवा मेनू शिकवायचा कोणी. त्यांनी फाइलींनाच हात घातला. हा प्रोग्रॅम एमपीथ्री परत एन्कोड न करता प्रत्येक फ्रेममधला एक आकडा बदलतो, 1.5 डेसिबलच्या पायऱ्यांनी, म्हणून क्वालिटीला धक्का नाही. बंधन चाकावर आहे, फाइलीवर नाही, फाइलीतला आवाज वाढवला की तेवढाच प्लेयर मोठा वाजतो. अडचण एकच आली, शेवटच्या टाळ्या आधीच काठोकाठ होत्या, आलाप वर नेला की त्या फुटायच्या. काकांनी टाळ्या कापून टाकल्या, मग 6 डेसिबल वाढवता आले. वर रबराच्या टोकाचे इअरफोन दिले, तीन साइजची टोकं बसवून बघितली, डाव्या कानाला मधलं, उजव्याला लहान.

आजोबांनी तिथंच स्टुलावर बसून ऐकलं, मान डोलावली, इअरफोन काढला, आणि विचारलं की टाळ्या कुठं गेल्या, त्या मैफिलीत मी होतो ना. काकांनी परत लॅपटॉप उघडला. आता टाळ्यांची वेगळी फाइल आहे, तेवढी हळू वाजते.