पुढचा ब्रेक

(सोलापुरातल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढं एका गॅरेज मिस्त्रींनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

पोरांनो, मला वाहतुकीच्या नियमांवर बोलायला बोलावलंय. नियम सांगायला तुमच्याकडं पोलीस येतात, आरटीओचे साहेब येतात, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी मिस्त्री माणूस. गाडी उघडल्यावर आत काय दिसतं, तेवढं मी सांगतो.

सर्व्हिसिंगला गाडी आली की दोन्ही चाकांचे ब्रेक मी शेजारी शेजारी ठेवून बघतो. बऱ्याच गाड्यांत मागचं लायनर, म्हणजे ब्रेकमधली घासणारी पट्टी, झिजून पत्र्याला टेकलेलं असतं, ती ज्यावर घासते त्या ड्रमला आतून चरे पडलेले असतात. पुढचं बघावं तर कंपनीतून आलं तसंच. अशी गाडी बघितली की चालवणारा समोर नसला तरी मला कळतो. त्याला पहिल्याच दिवशी काकानं नाहीतर गल्लीतल्या दोस्तानं सांगितलेलं असतं, "पुढचा ब्रेक मारू नको बे, उलटा पडशील." ते वाक्य त्यानं जन्मभर पाळलेलं असतं.

आता हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून इतकी वर्षं टिकलंय. तुम्ही शिकता कुठं? जुळे सोलापुरात प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर, नाहीतर कुठल्या तरी मैदानात. तिथं खडी असते, माती असते. वेग दहा-पंधराचा, हँडल सारखं वळलेलं. अशात पुढचा ब्रेक आवळला की चाक तिथंच आडवं होतं आणि गाडी अंगावर येते. शिकवणाऱ्यानं ते बघितलेलं असतं, म्हणून तो ओरडतो. त्या जागेपुरतं त्याचं बरोबर असतं. गडबड अशी की मैदानातली ही शिकवण घेऊन पोरगं थेट पुणे हायवेला जातं.

डांबरावर, सरळ हँडलनं, साठच्या वेगात गणित उलटं होतं. एसटीत उभं असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की सगळे पुढं ढकलले जातात, तसंच गाडीचंही आहे. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं. पुढचा टायर रस्त्याला घट्ट दाबला जातो, मागचा हलका पडतो. हलक्या चाकाला तुम्ही कितीही ब्रेक लावा, ते जाम होऊन फरफटतं. म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. साठच्या वेगात कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी साधारण वीस-पंचवीस मीटरमध्ये उभी राहते. नुसत्या मागच्यावर भिस्त ठेवली तर त्याच्या दुपटीच्या आसपास रस्ता लागतो, आणि वर मागचं चाक घसरून गाडी आडवी व्हायची भीती वेगळी.

हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं आहे. त्याच्या आधी डोळ्याला दिसायला, डोक्याला कळायला आणि हात हलायला सेकंदभर तरी जातो. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढं गेलेली असते, चाळीसला अकरा. मोबाईलकडं एकदा बघून मान वर करायला किती वेळ लागतो, ते तुमचं तुम्ही मोजा. आणि वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. तीस आणि साठमध्ये मीटरवर काटा थोडासाच सरकतो, रस्त्यावर फार सरकतो.

पुढचा ब्रेक लावायचा म्हणजे हिसका द्यायचा नाही. आधी हलकं दाबायचं, वजन पुढं येऊ द्यायचं, मग जोर वाढवत जायचा. हँडल सरळ. पाय मागच्या ब्रेकवर, पण हलका. क्लच शेवटी, गाडी बंद पडायला आली की. आपली पोरं आधी क्लच दाबतात आणि मग ब्रेक शोधतात, त्यामुळं इंजिन गाडीला जे आपसूक धरून ठेवत असतं तेही सुटतं. पाऊस, खडी, सांडलेलं ऑइल किंवा वळण असेल तर पुढच्यावरचा जोर कमी, आणि त्याच्या बराच आधी वेग कमी.

एप्रिल २०१९ पासून सरकारनं नव्या गाड्यांना नियम घातला. १२५ सीसीच्या वर एबीएस, १२५ आणि त्याखाली किमान सीबीएस. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. मला विचाराल तर आपण पुढचा ब्रेक वापरत नाही हे ओळखून कंपनीनंच तो आपल्या वतीनं थोडा दाबून ठेवला. एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक मारला की लिव्हर हाताखाली थरथरते. काहीजण घाबरून सोडून देतात. सोडू नका, ती तिचं काम करत असते. पण स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, एवढं विकत घेताना विचारून घ्या.

आता लायसन्स. आपल्याकडं क्रम असा आहे की पोरगं नववी-दहावीत गाडी चालवायला लागतं आणि अठरा झाल्यावर कुणीतरी म्हणतं, आता लायसन्स काढून टाक. कायद्याचा क्रम उलटा. आधी लर्निंग, मग रस्त्यावर शिकायचं, मग पक्कं. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार कार्डावर घरबसल्या लर्निंगची परीक्षा देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. सोय चांगली आहे. पण घरी बसून परीक्षा म्हटल्यावर बटण कोण दाबतंय ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्रिकोणी पाटी सावध करते, लाल कडेची गोल पाटी हुकूम देते, एवढं सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पंधरा मिनिटांत कळतं. ते दादाकडून का टिचकवून घ्यायचं, मला समजत नाही.

लर्निंग सहा महिने चालतं. काढल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्याची चाचणी देता येते. हे तीस दिवस लोक थांबण्याचे समजतात. ते शिकण्याचे आहेत! गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि चालवायचं. चाचणीच्या दिवशी ज्या गाडीवर जाल तिचा विमा आणि पीयूसी चालू पाहिजे. आणि गाडी कुठली नेता ते बघा. विनागियरच्या स्कूटीवर चाचणी दिली तर लायसन्सवर विनागियरच येतं. त्यावर मोटारसायकल चालवली तर ते विनालायसन्सच धरतात, दंड पाच हजार रुपये. दंड एकवेळ भरून होतो. अपघात झाला आणि लायसन्स त्या गाडीचं नसलं तर विमा कंपनी तुमच्या गाडीचे पैसे देत नाही, आणि समोरच्याला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. आईवडिलांना हे सांगा, त्यांना पटकन समजेल.

आणखी एक गैरसमज घरोघरी आहे. "सोळा झाले की विनागियरचं मिळतं." मिळतं, पण पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. पन्नास सीसीची गाडी आता शोरूमला कुठं बघितलीत? दारात असते ती एकशे दहाची. म्हणजे अकरावीतली पोरगी कॉलेजला जी स्कूटी घेऊन येते, ती सोळाच्या लायसन्सवर चालतच नाही. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे सगळं कागदावर आहे. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला सकाळी उभं राहून बघा, कागदाचं काय होतं ते.

पक्क्या लायसन्सला मैदानात गाडीनं आठाचा आकडा काढायचा असतो. पोरं त्याला फार घाबरतात. युक्ती साधी आहे. पहिल्या गियरमध्ये, हाफ क्लचवर, रेस एकसारखी ठेवायची, मागचा ब्रेक पायानं किंचित धरायचा आणि पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून टाकायची. नजर चाकावर ठेवली की पाय टेकलाच. वळण संपून जिथं जायचंय तिकडं मान वळवा, गाडी मानेच्या मागं येते. बस्स, आठ झाला.

आता गंमत बघा. या आठात जे जे करायचं, ते सगळं हळू चालवायला बरोबर आहे. पुढचा ब्रेक नाही, मागचा थोडा, क्लच अर्धा. म्हणजे चाचणीची तयारी करतानाही पोरगं तेच घोटतं जे काकानं शिकवलं होतं. आठ वाईट आहे असं मी म्हणत नाही. तोल कळतो, क्लच कळतो. पण एका महत्त्वाच्या गोष्टीची तयारी त्यात होत नाही: चाळीसच्या वेगातून ठरलेल्या रेघेवर, न घसरता, गाडी उभी करायची. ती सवय तुम्हाला स्वतःच लावून घ्यावी लागेल, कारण ती लावणारं आपल्याकडं कुणी नाही. चारचाकीला मोटार ट्रेनिंग स्कूल आहेत, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेल्या डबल पॅडलच्या गाड्या आहेत. दुचाकीला काका आणि दोस्त.

माझ्याकडं एक वेगळं गिऱ्हाईक येतं, त्याचं मला कौतुक आहे. मुलं मोठी झाल्यावर स्कूटी शिकणाऱ्या बायका. कुणी शाळेत शिक्षिका, कुणाचं घरी शेंगाचटणीचं काम, माल पोचवायला रिक्षाचा खर्च परवडत नाही म्हणून शिकलेल्या. चाळिशीच्या पुढं असतील तर त्यांना डॉक्टरचा दाखलाही जोडावा लागतो, तरी येतात. या बायका मला विचारतात, "मिस्त्री, हा ब्रेक कशाला, तो कशाला? दोन्ही एकदम दाबले तर काय होतं?" तरण्या पोरांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही. पोरं विचारतात, सायलेन्सरचा आवाज जरा मोठा होईल का. त्या बायकांच्या गाडीची दोन्ही लायनरं बरोबरीनं झिजलेली असतात. हळू चालवतात म्हणून हसतात लोक. हसू द्यात.

आपल्या भागाचं म्हणून एक सांगतो, कारण पुण्या-मुंबईचा माणूस हे सांगणार नाही. आपला साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की रात्री सगळ्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन-दोन ट्रॉल्या, दिवे नाहीत, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली गेलेला. ट्रॉली पंधरा-वीसच्या वेगात असते आणि तुम्ही साठमध्ये. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यात. ट्रॉली दिसते तेव्हा तुमच्याकडं तीस मीटर उरलेले असतात. इथं मगाशी सांगितलेलं गणित आठवा. फक्त मागचा ब्रेक येत असलेल्या माणसाला तीस मीटर पुरत नाहीत. म्हणून हंगामात रात्री हेडलाईटच्या उजेडात थांबता येईल तेवढाच वेग. ट्रॅक्टरवाल्यांनी दिवे लावायला पाहिजेत हे शंभर टक्के खरं, पण धडक झाल्यावर त्याचं काही वाकत नाही.

हेल्मेटवर मी फार बोलत नाही, तुमचे कान किटले असतील. आयएसआय मार्क बघा आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. मे महिन्यात उकडतं, मान्य. मलाही उकडतं.

सराव कसा करायचा ते सांगून थांबतो. रविवारी पहाटे कोरडा, मोकळा, सरळ डांबरी रस्ता बघा. सोबत लायसन्सवालं कुणीतरी पाहिजे. खडूनं रेघ मारा. वीसच्या वेगात या, रेघेपाशी आल्यावर दोन्ही ब्रेक, हँडल सरळ, नजर समोर. किती पुढं गेलात ते बघा. मग तीस. मग चाळीस. पुढच्या ब्रेकची भीती जाईपर्यंत वेग वाढवू नका.

काही विचारायचं असेल तर विचारा.

(एका विद्यार्थ्यानं विचारलं, पहिली गाडी किती सीसीची घ्यावी?)

पाय दोन्ही टेकतील अशी घे. सीसी नंतर बघ. उभी गाडी सांभाळता आली नाही तर चालती कशी सांभाळशील? शंभर-सव्वाशेची पुरे. तिचे टायर बारीक असतात, पण मायलेज बघून बाबा पेट्रोलला नाही म्हणणार नाहीत.

(एका विद्यार्थिनीनं विचारलं, लायसन्स मोबाईलवर दाखवलं तर चालतं का?)

डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं चालतं. नुसता फोटो काढून ठेवलेला नाही.

(मागच्या बाकावरून: लर्निंगवर डबलसीट चालतं का?)

चालतं की! पण मागं बसणाऱ्याकडं पक्कं लायसन्स पाहिजे आणि तो तुला शिकवण्यासाठी बसलेला पाहिजे. आता तुझ्या मनात मागं कोण बसवायचं आहे ते मी विचारत नाही, पण तिच्याकडं लायसन्स आहे का तेवढं बघून घे.