बाकाशेजारची खुर्ची

(दृश्य: प्राथमिक शाळेचा वर्ग, गणिताचा तास)

मुंबईतील एका मराठी शाळेचा हा दुसरीचा वर्ग आहे. खिडकीलगतच्या बाकाशेजारी, जराशी मागे घेतलेल्या खुर्चीवर ज्या ताई बसल्या आहेत, त्या येथील वर्गशिक्षिका नाहीत. स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेल्या एका मुलाला इतरांबरोबर याच वर्गात शिकता यावे, यासाठी त्या येतात. शाळांमध्ये त्यांना शॅडो टीचर म्हणतात. हे काम त्या अजून शिकत असून एक अनुभवी विशेष शिक्षिका त्यांना मार्गदर्शन करीत आहेत.

मुलाच्या बाकावर चिकटवलेली पट्टी पाहावी. प्रार्थना, गणित, डबा, मराठी आणि घर अशी चित्रे तिच्यावर वेलक्रोने लावलेली आहेत. एक तास संपला की मुलगा स्वतःच ते चित्र काढून पाकिटात ठेवतो. पुढे काय होणार हे डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याची घालमेल कमी होते. अशी साधने तयार करणे लवकर जमते. मदत किती करावी आणि कधी थांबवावी, हे उमगायला मात्र वेळ लागतो.

सुरुवातीला ताई त्याचा हात हातात धरून अंक गिरवून घेत असत. पुढे कोपराला हलकासा स्पर्श पुरेसा झाला, त्यानंतर वहीकडे दाखवलेले बोट, आणि आता तर केवळ नजर. आधार असा पायरीपायरीने काढून घेतला नाही, तर मूल वर्गाऐवजी त्या ताईंवरच विसंबून राहते.

(दृश्य: बाईंनी प्रश्न विचारला आहे, मुलगा गप्प)

उत्तर ताईंच्या अगदी ओठांवर आले आहे, परंतु विशेष शिक्षिकेने त्यांना खुणेनेच थांबवले. मनात दहापर्यंत अंक मोजायचे आणि तोवर बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. ‘बारा,’ मुलगा म्हणतो.

ताईंच्या वहीत तीन रकाने आहेत: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. मुलगा कानांवर हात ठेवून ओरडतो तो हट्टापायी नव्हे, तर शाळेची घंटा त्याला असह्य होते म्हणून, हे याच नोंदींतून कळले. आता घंटेच्या थोडे आधीच ते दोघे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जातात. डब्याच्या सुट्टीत ताई मुद्दाम दाराशी उभ्या राहतात, कारण मोठे माणूस शेजारी असले की बाकीची मुले जवळ फिरकत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, आणि समावेशक शिक्षणाला सर्व स्तरांवर साहाय्य करणारे प्रशिक्षित मनुष्यबळ तयार करण्याची जबाबदारीही त्याने शासनावर टाकली आहे. विशेष शिक्षकाला बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एड. (विशेष शिक्षण) किंवा पदवीनंतरचा बी.एड. (विशेष शिक्षण) करून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. शॅडो टीचरसाठी मात्र अशी ठरलेली वाट नाही. कुणी मानसशास्त्राची पदवी घेऊन येतात, कुणी बालवाडीतून, कुणी स्वतःच्या मुलासाठी शिकता शिकता. या कामाला रीतसर अभ्यासक्रम, पर्यवेक्षण आणि शाळेच्या आस्थापनेवर पद मिळायलाच हवे.

तूर्तास अनेक शाळांमध्ये ताईंचे मानधन मुलाचे पालकच देतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांचे मूल बहुधा वर्गाबाहेर राहते.