जुनाट दुखण्यात मनाचा वाटा

मंडळी, वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं ते एक वाक्य: "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुमच्या मनाचं दुखणं आहे." तो घरी येऊन म्हणतो, "म्हणजे मी नाटक करतोय व्हय?" करत नसतो. त्याची कळ शंभर टक्के खरी असते. मन त्यात आहे म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि हे एकदा पटलं की पुढच्या उपायांना अर्थ येतो.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला आपण जुनाट म्हणतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली, तेव्हाच त्यात संवेदनेबरोबर भावना धरली होती. २०२० साली व्याख्या सुधारली, तरी भावना काढली नाही. साध्या खरचटण्यातही ती असतेच.

कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. आखाड्यात हलगी वाजत असते तोवर पैलवानाला मुरगळलेलं बोट कळत नाही, कुस्ती सुटली की ठणका सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरांनी हेच पाहिलं: मोठ्या जखमा झालेले बरेच सैनिक वेदनेवरचं औषध नको म्हणत. असं का होतं, याची मांडणी मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली केली. मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मुख्य नसेत, एक फाटक असतं. खालून येणारा संदेश तिथे अडतो किंवा पुढे सुटतो, आणि त्या फाटकावर मेंदूकडूनही हुकूम येतात. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. खोट्या औषधावरच्या नुसत्या विश्वासाने ज्यांची वेदना उतरली होती, त्यांना अफूजन्य औषधांचा असर तोडणारं नॅलोक्सोन दिलं आणि ती पुन्हा चढली. म्हणजे विश्वासाने शरीरात अफूसारखं काम करणारं खरंखुरं रसायन सुटलं होतं. भीती, राग आणि तुटलेली झोप याच्या उलट काम करतात.

दुखणं लांबलं की मज्जासंस्था हळवी होते. मिरवणुकीतल्या ध्वनियंत्रणेचं बटण कुणीतरी वर सरकवून तसंच सोडावं आणि मग माईकसमोरची कुजबुजही कर्कश वाजावी, तसं होतं. मूळ इजा भरलेली असते, पण साधा स्पर्श, थंड वारा, एसटीतला धक्काही दुखतो. पाठदुखी जुनी होताना मेंदूतल्या तिच्या खुणा इजेची जाणीव घेणाऱ्या जागांकडून भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या जागांकडे सरकतात, असं मेंदूच्या चित्रणांत दिसलं आहे.

मनाकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा. दुखण्याबरोबर लघवी अडणं किंवा तिचा ताबा जाणं, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्या-आपटल्यावर सुरू झालेलं दुखणं, किंवा चाळिशीच्या आत सकाळी अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, यांतही आधी नीट तपासणी हवी. हे न पाहता कुणी "टेन्शन घेऊ नका" म्हणून परत पाठवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

आता एमआरआयची गोष्ट. "गादी सरकली", "मणका झिजला", "नस दबली" हे शब्द कानावर पडले की माणूस वाकणंच सोडतो. पण ज्यांना काहीही दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली निष्कर्ष निघाले. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. विशीतही ३७ टक्क्यांना झीज होती. पायात उतरणारी कळ, बधिरपणा आणि चित्रातली जागा यांचा मेळ बसला तर गोष्ट वेगळी. एरवी ती वयाबरोबर येणारी पांढऱ्या केसांसारखी खूण आहे.

खरं नुकसान करते ती भीती. वाकलो तर मोडेन असं वाटलं की माणूस श्वास रोखून, पाठ ताठ धरून हलतो. स्नायू सतत आवळलेले राहतात आणि दुखतात, मग भीतीला पुरावा मिळतो. कामं सुटतात, ताकद जाते, आणि पुढचं साधं कामही जड होतं.

हे चक्र तोडायला भीतीची एकच हालचाल निवडा. खाली वाकणं घेऊ. पाट-चौरंगावर नको, खुर्चीवर बसा. हात मांड्यांवरून गुडघ्यांपर्यंत सरकवत वाका आणि वाकताना श्वास सोडा. पाच वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला कागदावर दोन आकडे लिहा: शून्य ते दहामध्ये किती दुखेल असं वाटतं, आणि काही मोडेल याची खात्री किती. झाल्यावर प्रत्यक्ष काय झालं तेही लिहा. बहुतेकदा प्रत्यक्षात झालेलं आधीच्या अंदाजापेक्षा कमी निघतं, आणि मेंदू सल्ल्यापेक्षा या फरकातून शिकतो. भीती उतरली की हात नडगीपर्यंत, मग घोट्यापर्यंत. नंतर उभ्याने स्टुलावरची वस्तू, मग जमिनीवरची. मग रिकामी कळशी, मग त्याच कळशीत दोन लिटर पाणी. इथे दोन चुका होतात. एक, कमरेचा पट्टा बांधूनच सराव करतात, त्यामुळे "पट्टा होता म्हणून वाचलो" असं मन धरून बसतं. दुसरी, थोडं दुखलं की पहिल्या पायरीवर परत जातात. हालचालीनंतर वाढलेलं दुखणं साधारण दिवसभरात आपल्या नेहमीच्या पातळीला आलं, तर पायरी बरोबर आहे.

दुसरी अडचण बरं वाटणाऱ्या दिवसाची. हुपरीत मान खाली घालून पैंजणांचं बारीक काम करणाऱ्या बाई बऱ्या दिवशी साचलेलं सगळं उरकतात आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतात. त्यांनी दुखणं वाढेपर्यंत किती वेळ बसता येतं ते तीन दिवस मोजावं. समजा २५, १५ आणि २० मिनिटं आली. सरासरी २०, त्याचे ८० टक्के १६. म्हणजे घड्याळ लावून १५-१६ मिनिटांनी उठायचंच, दुखत असो वा नसो. दोन मिनिटं मान-खांदे हलवून पुन्हा बसायचं. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवायचं. सगळ्यांना जड जातं ते बऱ्या दिवशी घड्याळ पाळणं, आणि नेमका तिथेच फायदा आहे. दुखल्यावर थांबण्याची सवय लागली, तर शरीर कुठे थांबायचं हे दुखण्यावरच सोपवतं.

घरच्यांनाही सांगतो. "उठू नको, मी आणते" हे मायेने म्हटलेलं असतं, पण प्रत्येक कण्हण्यावर सुटका मिळाली की माणूस घरात परका होत जातो. "नुसती कारणं सांगतो" हे तर जिव्हारी लागतं. दिवसातून दहा वेळा "दुखतंय का?" विचारण्यापेक्षा "आज रंकाळा तलावावर कुठवर जायचं?" विचारा.

रागाचं काय करायचं, हे फार कमी वेळा विचारलं जातं. कारखान्यात अपघात झाला, भरपाई अडली, कुणी विचारपूस केली नाही. अन्याय झाल्याची भावना जिथे घट्ट बसते, तिथे दुखणं रेंगाळतं, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. तो राग रास्त असतो, तो गिळायला सांगणं चूक. भरपाईचा मार्ग मार्गाने चालू द्या आणि व्यायाम त्याच्या निकालाला बांधून ठेवू नका. उदासी, झोप उडणं, जगण्याचा कंटाळा असेल तर त्यावर वेगळे उपचार घ्या. मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

श्वासाचा सराव सोपा: नाकाने चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. "दुखणं गेलं का?" हे प्रत्येक श्वासाला तपासू नका, त्याने पहारा वाढतो.

२०२१ साली अमेरिकेत जुनी पाठदुखी असलेल्या १५१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'हे दुखणं धोक्याचं नाही' हे मेंदूला शिकवणाऱ्या चार आठवड्यांच्या उपचारानंतर त्या गटातले ६६ टक्के वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. खोट्या इंजेक्शनच्या गटात २० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत १० टक्के. आशा वाढवणारा निकाल आहे. पण त्यात इजेचं ठोस कारण नसलेले रुग्ण होते, म्हणून तो संधिवाताला किंवा कॅन्सरच्या वेदनेला तसाच लावू नका.

गोळ्यांबद्दल. डॉक्टर रात्री दहा मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध देतात तेव्हा "मला वेडा ठरवलं" असं समजू नका. नैराश्याला लागणाऱ्या डोसापेक्षा हा बराच कमी असतो आणि वरून येणारा वेदना रोखणारा संदेश वाढवायला तो वापरतात. सुस्ती आणि तोंड कोरडं पडणं सुरुवातीला होतं. काचबिंदू, लघवीची अडचण किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. मेडिकलमधून स्वतःच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र महिनोन्‌महिने चालवू नका, मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत मोजतात. डोकेदुखीत महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस साध्या गोळ्या घेतल्या, तर गोळीच डोकं दुखवायला लागते.

आणि दुखणं उसळेल, सगळं नीट करूनही उसळेल. त्या दिवसासाठी आधीच कागदावर लिहून ठेवा: दोन दिवस काम निम्मं, बंद नाही. शेक, श्वास, घरातल्या घरात दर तासाला थोडं चालणं. तिसऱ्या दिवशी आधीच्या वेळेच्या तीन चतुर्थांशावर, आठवड्याच्या आत पूर्ण वेळेवर. कागद फ्रीजवर लावा, म्हणजे त्या क्षणी डोकं न चालवता नुसतं वाचून करता येतं.