जोडाचं हीण

नमस्कार, श्रोतेहो.

परवा आईच्या जुन्या तोरड्या मोडायला इतवारीच्या सराफा ओळीत गेलो होतो. कारागिराने एक कडी कापून मुशीत टाकली, वरून चिमूटभर टाकणखार घातला आणि आच वाढवली. चांदी पाघळली तशी वर काळपट साय धरली. ती सळईने बाजूला ओढत तो म्हणाला, "चांदी खोटी नाही दादा. जोडाचं हीण आहे हे. जितके जोड, तितकी घट."

मला भाचा आठवला. रविवारी सदरमधल्या चर्चमधून बाहेर पडताना त्याने मला गाठलं होतं. "मामा, बायबलमधलं 12 वं स्तोत्र म्हणतं, परमेश्वराची वचनं सात वेळा गाळलेल्या रुप्यासारखी शुद्ध. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 8 व्या अध्यायात, तोच देव म्हणतो, शास्त्र्यांच्या लबाड लेखणीने नियमशास्त्राचं खोटं केलं. यातलं खरं काय मानू?"

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. यिर्मयाचा राग अर्थ फिरवणाऱ्यांवर होता की मजकूर फिरवणाऱ्यांवर, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण तो राग हातांवर आहे, वचनावर नाही, एवढं त्याच पुस्तकावरून दिसतं. यिर्मयाचा स्वतःचा लेखनिक होता, बारूख. 36 व्या अध्यायात बारूखने लिहिलेली गुंडाळी यहूदाच्या यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, राजासमोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा चाकूने कापायचा आणि आगीत टाकायचा. आणि चाकू कुठला, तर लेखनिकाचाच! सगळी गुंडाळी जळाली. मग यिर्मयाने सांगितलं, बारूखने पुन्हा लिहिलं, आणि वर आणखी पुष्कळ मजकूर घातला. लेखणीला लबाड म्हणणाऱ्या माणसाने तीच लेखणी पुन्हा हाती घ्यायला लावली.

मग भाच्याने खिशातून दुसरा खडा काढला. बायबलचीच दोन पुस्तकं. दुसरे राजे, अध्याय 8: यहूदाचा राजा अहज्या गादीवर बसला तेव्हा 22 वर्षांचा. दुसरे इतिहास, अध्याय 22, मूळ हिब्रू: 42 वर्षांचा. आता त्याच्या बापाचा हिशेब बघा. यहोराम 32 व्या वर्षी राजा झाला, 8 वर्षं राज्य करून वारला. म्हणजे चाळिशीत गेला, आणि मुलगा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा! यावर कसरती करून 42 खरं ठरवणारे लोक मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही. नकलाकाराचा हात चुकला, एवढं सरळ म्हणावं.

ही अडचण एकट्या बायबलची नाही. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकार हात झटकून मोकळे होतात: जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष माझा नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्या नकलांत इतके पाठभेद शिरले की 1584 मध्ये एकनाथांनी प्रती तपासून ती शुद्ध केली. त्यांनी शेवटी लिहून ठेवलं, ग्रंथ आधीच अतिशुद्ध, बिघाड पाठभेदांत. आणि पुढे दटावलं, यात कुणी स्वतःची ओवी घातली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली म्हणून समजा. बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 30 वा अध्याय हेच सांगतो. देवाचं प्रत्येक वचन शुद्ध आहे, आणि लगेच पुढच्या ओळीत, त्यात भर घालू नकोस. भर घालणारे हात होते, म्हणून तर ताकीद द्यावी लागली.

"मग हीण किती, मामा?" त्याने विचारलं. मी त्याला कुमरानची गोष्ट सांगितली. 1947 च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या गुहेत बायबलमधल्या यशया या पुस्तकाची गुंडाळी सापडली, तोवर ठाऊक असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी. शुद्धलेखनाचे आणि शब्दांचे फरक भरपूर निघाले, पण पुस्तक ओळखू येतं ते तेच.

त्याने तिथेच पायरीवर बसून बायबल उघडलं, 32 आणि 8 ची बेरीज केली, आणि माझा पेन मागितला. मी पेन्सिल दिली. म्हटलं, 22 हा आकडा समासात लिही, ओळीत नको.